ट्रेडिंग कार्ड गेमचा छंद खिशाला झेपेल असा कसा ठेवावा: सोलापुरातील खेळाडूंसाठी

पोकेमॉन या पत्त्यांच्या खेळाच्या एका इंग्रजी बूस्टर पाकिटात, म्हणजे आत कोणते पत्ते आहेत ते न कळणाऱ्या बंद पाकिटात, १० पत्ते निघतात आणि खेळायला लागणारा डेक, म्हणजे खेळाडूची गड्डी, बरोबर ६० पत्त्यांचा असतो. तेव्हा सहा पाकिटे घेतली की डेक तयार, असा हिशेब आमच्या शेजारच्या सातवीतल्या मुलाने मांडला होता. साठवलेले खाऊचे पैसे घालून त्याने सहा पाकिटे मागवली, फोडली आणि सगळे पत्ते आमच्या जुळे सोलापुरातल्या घराच्या ओसरीवर मांडले. त्यांत एक झळझळीत चारिझार्ड होता, पण ज्या चारमँडरपासून तो घडतो तो पत्ता एकही नव्हता. वरच्या पायऱ्यांचे पोकेमॉन होते, त्यांच्या पहिल्या पायऱ्या नव्हत्या, आणि पाकिटागणिक आलेली एखादी एनर्जी, म्हणजे पोकेमॉनला हल्ला करायला लागणारा शक्तीचा पत्ता, प्रत्येक वेळी वेगळ्याच रंगाची होती. पत्ते साठ जमले होते, पण त्यांतून खेळता येईल असा डेक काही होत नव्हता. तेवढ्याच किंवा त्याहून कमी पैशांत त्याला साठ पत्त्यांचा तयार बॅटल डेक मिळाला असता आणि तो त्याच संध्याकाळी खेळायला बसला असता.

या छंदाला खर्च किती येतो असे मला कोणी विचारले, की आधी ‘खेळणार कोणाशी?’ असे मी त्यांना विचारतो. ज्या शहरांत दुकानांमधून ठरलेल्या वारी स्पर्धा भरतात, तिथे समोर कोणता डेक येईल हे आपल्या हाती नसते आणि खर्चाची पातळी आपोआप बाहेरून ठरते. आमच्यासारखे जे घरच्या टेबलाशी ठरलेल्या पाच-सहा जणांत खेळतात, त्यांच्या खर्चाची पातळी त्या पाच-सहा जणांतला सर्वांत सढळ हात ठरवतो. एकाने पाच हजारांचा डेक आणला की बाकीच्यांपुढे हरत राहणे किंवा आपलाही खिसा मोकळा करणे, एवढेच दोन मार्ग उरतात. त्यामुळे पत्त्यांच्या किमती पाहण्याआधी मंडळी जमवावी आणि तिच्याशी बोलून घ्यावे.

खेळ निवडताना

मॅजिक: द गॅदरिंग हा या जातीचा पहिला खेळ. रिचर्ड गारफिल्ड यांनी तो रचला आणि अमेरिकेतील विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. पोकेमॉनचे पत्ते १९९६ मध्ये जपानात आले, कोनामी कंपनीचा यू-गी-ओ १९९९ मध्ये, आणि बंदाई कंपनीचा वन पीस अगदी अलीकडे, २०२२ मध्ये. चारही खेळ चांगले आहेत आणि कोणता आवडावा हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे; मात्र खर्चाच्या दृष्टीने प्रत्येकाच्या नियमांत एक-दोन कलमे अशी असतात की त्यांवरच सगळा हिशेब फिरतो.

पहिले कलम म्हणजे एका पत्त्याच्या किती प्रती चालतात. मॅजिकच्या नेहमीच्या ६० पत्त्यांच्या डेकमध्ये आणि पोकेमॉनमध्ये एकाच नावाचे चार पत्ते चालतात, मुख्य अपवाद मूळ जमिनींचा आणि मूळ एनर्जीचा, म्हणजे ज्यांच्या शक्तीवर बाकीचे पत्ते चालतात त्या साध्या पत्त्यांचा. यू-गी-ओच्या ४० ते ६० पत्त्यांच्या मुख्य डेकमध्ये तीन प्रती चालतात आणि वर १५ पर्यंत पत्त्यांचा एक्स्ट्रा डेक असतो, जो नवख्यांच्या अंदाजपत्रकातून हमखास निसटतो. जो पत्ता डेकचा कणा असतो तो एक घेऊन भागत नाही, चार घ्यावे लागतात. म्हणून पाचशे रुपयांचा पत्ता दिसला की मनात दोन हजार वाचावेत. मॅजिकच्या कमांडर प्रकारात १०० पत्त्यांचा डेक असतो, पण मूळ जमिनी सोडल्यास प्रत्येक पत्ता एकदाच घालता येतो. महाग पत्त्याचा भुर्दंड तिथे एकदाच बसतो, शिवाय कमांडरचे तयार डेक मिळतात आणि चार जण एकत्र बसून खेळू शकतात. आमच्या मंडळीने तो प्रकार धरला याचे मुख्य कारण हेच होते.

दुसरे कलम पत्ते बाद होण्याचे. पोकेमॉनच्या स्टँडर्ड प्रकारात पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटे अक्षर असते आणि दरवर्षी जुन्या अक्षराचे पत्ते स्पर्धेतून बाद होतात. एप्रिल २०२५ मध्ये ‘एफ’ अक्षराचे पत्ते असे बाहेर पडले. मॅजिकच्या स्टँडर्डमध्ये पत्ता साधारण तीन वर्षे चालतो, पण २०२५ या एका वर्षात त्या प्रकारासाठी सहा नवे संच आले, म्हणजे दर दोन महिन्यांनी नवा मोह. यू-गी-ओमध्ये पत्ते असे कालबाह्य होत नाहीत, मात्र बंदी आणि मर्यादा घातलेल्या पत्त्यांची यादी वेळोवेळी बदलते आणि कालचा महाग पत्ता उद्या निरुपयोगी ठरू शकतो.

घरी खेळणाऱ्याला यांपैकी काहीच बंधनकारक नाही, उलट यातच त्याचा फायदा आहे. स्पर्धेतून पत्ते बाद झाले की स्पर्धक ते विकायला काढतात आणि बहुतेकांचे भाव उतरतात. आपली मंडळी ‘कोणतेही अक्षर चालेल’ असे ठरवून बसली असेल, तर मागच्या वर्षीचा विजेता डेक या वर्षी बऱ्याच कमी पैशांत हाती येतो आणि खेळायला तो तितकाच रंगतदार असतो. यू-गी-ओ खेळणाऱ्यांसाठी असाच एक जुना मार्ग आहे: एकाच प्रकारचा तयार स्ट्रक्चर डेक तीनदा घ्यावा, म्हणजे महत्त्वाच्या पत्त्यांच्या तीन-तीन प्रती होतात आणि बऱ्यापैकी चालणारा डेक उभा राहतो.

खेळ आवडेल की नाही हे कळण्यापूर्वी पैसे घालण्याचीही गरज नाही. मॅजिक अरेना, पोकेमॉन टीसीजी लाइव्ह आणि यू-गी-ओ मास्टर ड्युएल हे फोनवरचे तिन्ही खेळ फुकट खेळता येतात आणि नियम शिकवण्याची त्यांची पद्धत माणसाच्या शिकवण्यापेक्षा सोशिक आहे. महिनाभर तिथे खेळावे आणि मगच कागदी पत्त्यांना हात घालावा. फक्त त्या खेळांतही आत पैसे भरण्याची सोय असते, म्हणून मुलांच्या फोनला आपले यूपीआय जोडून ठेवू नये.

पाकिटांचा हिशेब

बूस्टर पाकीट फोडण्यात मजा आहे हे मी नाकारणार नाही. चुरचुर आवाज, शाईचा वास आणि शेवटून दुसरा पत्ता सरकवताना रोखलेला श्वास या गोष्टी मलाही आवडतात. पण ती मजा विकत घेत आहोत, डेक विकत घेत नाही, हे डोक्यात पक्के असावे. मॅजिकचे उदाहरण घेऊ. त्यातील सर्वांत दुर्मीळ, म्हणजे मिथिक रेअर दर्जाचा पत्ता साधारण सात-आठ पाकिटांतून एकदा निघतो आणि एका मोठ्या संचात असे सुमारे २० वेगवेगळे पत्ते असतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून आठ धरले, तर आपल्याला हवा असलेला नेमका एक मिथिक सरासरीने १६० पाकिटांमागे एक येतो. पाकीट ४५० रुपयांना पडले असे समजा: एका पत्त्यामागे ७२,००० रुपये झाले आणि त्याच्या चार प्रती हव्या असतील तर २,८८,००० रुपये. पाकिटांत बाकीचे पत्तेही येतात हे खरे, पण ते आपण मागितलेले नसतात. एका दमात ३६ पाकिटे फोडली तरी तो ठरावीक पत्ता त्यात असण्याची शक्यता पाचांत एक इतकीच राहते. तोच पत्ता सुटा घ्यायला गेलो तर बहुतेक वेळा शेकड्यांत, फार तर काही हजारांत काम होते.

माझ्या पहिल्या वर्षाचा हिशेब वहीत आहे, तो इथे उतरवतो. एकूण १८,४५० रुपये गेले. त्यांपैकी १२,६०० रुपये २८ पाकिटांवर, २,१५० रुपये सुट्या पत्त्यांवर, १,४०० रुपये स्लीव्ह (पत्त्यावर चढवायची प्लास्टिकची पिशवी) आणि डब्यांवर आणि २,३०० रुपये पुण्याच्या दोन फेऱ्यांवर. २८ पाकिटांतून खेळण्याजोगे ३९२ पत्ते आले. त्यांतले माझ्या डेकांमध्ये आज अकरा आहेत. २,१५० रुपयांत घेतलेल्या सुट्या पत्त्यांपैकी मात्र दोन-तीन सोडले तर सगळे अजून खेळात आहेत. त्यानंतर मला कोणी वेगळे समजावण्याची गरज पडली नाही.

पाकिटे फोडायचीच असतील तर ड्राफ्ट खेळावा. प्रत्येकाने तीन पाकिटे आणायची, एक फोडून एक पत्ता ठेवायचा व उरलेले शेजाऱ्याला द्यायचे, असे करत जमलेल्या पत्त्यांतून ४० पत्त्यांचा डेक बांधायचा आणि त्याच बैठकीत खेळायचे. तीन पाकिटांत फोडण्याचीही मजा होते आणि तीन-चार तासांचा खेळही होतो. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि एखाद्या वाढदिवसाला, आम्ही असे खेळतो. त्याहून जास्त वेळा ते परवडत नाही.

सुटे पत्ते, आयात आणि नकली माल

सुटे पत्ते, म्हणजे खेळाडूंच्या बोलीत सिंगल्स, देशातील काही ऑनलाइन दुकानांत, खेळाडूंच्या व्हॉट्सॲप गटांत आणि ओळखीतून मिळतात. मागवताना पाच-सहा जणांची यादी एकत्र करावी, म्हणजे कुरिअरचा खर्च वाटला जातो. शंभर रुपयांच्या पत्त्यासाठी ऐंशी रुपये टपाल भरण्यात अर्थ नाही. पत्त्याची अवस्था विचारून घ्यावी आणि पुढचे-मागचे स्पष्ट फोटो मागावेत. खेळायचाच असेल तर किंचित घासलेला पत्ता घ्यावा, कारण स्लीव्हमध्ये गेल्यावर तो नव्यासारखाच वागतो आणि स्वस्त पडतो.

परदेशातून मागवण्याचा विचार करताना पत्त्याच्या किमतीवर थांबू नये. परदेशी टपाल, सीमाशुल्क, जीएसटी आणि शुल्क भरण्याच्या कामाबद्दल कुरिअर कंपनी लावते ती वेगळी फी, अशी चार ओझी त्यावर चढतात आणि छोट्या पार्सलला ती फार जड होतात. ‘भेट’ असे लिहून पाठवले की शुल्क लागत नाही, असे अजूनही काही जण सांगतात. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. अमेरिकेतला भाचा सुट्टीवर येणार असेल तर त्याच्या बॅगेत दोन तयार डेक बसतात, हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय मी फक्त नोंदवतो.

पेटी किंवा पाकिटे ऑनलाइन मागवली तर पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्यावा. मी एका विक्रेत्याकडून स्वस्तात दहा पाकिटे घेतली, तेव्हा त्यांतल्या चारांची खालची घडी इतरांपेक्षा रुंद दाबलेली होती आणि त्या चारांतून एकही कामाचा पत्ता निघाला नाही. कोणी तरी आधी उघडून पुन्हा चिकटवली होती, हे मला दिसत होते. सिद्ध करता आले नाही, कारण व्हिडिओ नव्हता. उघड्या पेटीतली सुटी पाकिटे तर टाळावीतच. काही संचांची पाकिटे पूर्वी काट्यावर तोलून जड तेवढी, म्हणजे चांगला पत्ता असण्याची शक्यता जास्त असलेली, बाजूला काढली जात आणि हलकी गिऱ्हाइकाच्या वाट्याला येत.

नकली पत्त्यांचे दोन प्रकार आहेत. एक उघडउघड नकली: दहा-वीस रुपयांची पाकिटे, आणि जानेवारीत गड्डा जत्रेतल्या खेळण्यांच्या स्टॉलवर रचलेले प्लास्टिकचे सोनेरी पोकेमॉन पत्ते. माझे मत विचाराल तर लहान मुलांनी त्यांच्याशी खुशाल खेळावे. दहा रुपयांत दुपार जाते आणि पत्ता फाटला म्हणून कोणी रडत नाही. फक्त तो पत्ता खऱ्याच्या बदल्यात अदलाबदलीला येऊ नये, एवढे मुलांना समजावून सांगावे.

दुसरा प्रकार अवघड, कारण तो खऱ्याच्या भावाने विकला जातो. त्यासाठी भिंग लागते आणि सोलापुरात चांगले भिंग शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्या मंडळीतला एक जण टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे; कापडातले धागे मोजण्यासाठी जे छोटे घडीचे पिक ग्लास वापरतात, ते तो एका रविवारी खिशातून घेऊन आला. खरा मॅजिक पत्ता त्याखाली धरला तर चित्राचा भाग रंगीत ठिपक्यांच्या नीटस फुलांसारख्या रचनेत दिसतो आणि वरची काळी अक्षरे मात्र सलग, भरीव काळी दिसतात. शंका असलेल्या पत्त्यावर अक्षरेही ठिपक्यांचीच बनलेली होती आणि त्यांच्या कडा विस्कटलेल्या होत्या. अशी तपासणी करताना शेजारी त्याच संचातला, खात्रीचा, अगदी स्वस्त पत्ता ठेवावा आणि दोन्ही आळीपाळीने पाहावेत. एकट्या पत्त्याकडे पाहून नवशिक्याला काही उमगत नाही.

मंडळीतील करार

आमच्याकडे हा करार वहीच्या एका पानावर लिहिलेला आहे आणि सहा जणांच्या सह्या आहेत. लिहिण्याचे कारण असे, की तोंडी ठरवले होते तेव्हा प्रत्येकाला ते वेगवेगळे आठवत होते. मुख्य कलम असे, की मूळ जमिनी सोडून डेकची किंमत १,५०० रुपयांच्या वर जाऊ नये. किंमत कुठली धरायची यावर आमची सर्वांत जास्त भांडणे झाली, म्हणून आता एकच संकेतस्थळ ठरलेले आहे आणि डेक पहिल्यांदा टेबलावर येईल त्या दिवशीचा भाव धरला जातो. नंतर भाव चढला तर मालकाचा दोष नाही. पत्ता भेट मिळाला असो वा पाकिटातून निघाला असो, किंमत बाजाराचीच मोजायची; हे कलम नसेल तर प्रत्येकाला अचानक उदार मामा भेटू लागतात.

मर्यादेचा आकडा मंडळीतल्या सर्वांत कमी कमावणाऱ्याने सुचवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आमच्यात एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. त्याने आकडा सांगितला आणि बाकीच्यांनी मान डोलावली. औषधाचे दुकान चालवणाऱ्या मित्राला तो कमी वाटला होता, पण कमी पैशांत जास्त डोके चालवावे लागते हे त्याच्या लक्षात आले आणि आता तोच मर्यादा वाढवायला विरोध करतो.

रुपयांत मोजणे नको असेल तर दोन पर्याय आहेत. सर्वांनी एकाच मालिकेतले तयार डेक घ्यायचे आणि पहिले सहा महिने एकही पत्ता बदलायचा नाही, हा एक. दुसरा मॅजिकचा पॉपर प्रकार, ज्यात फक्त कॉमन, म्हणजे सर्वांत सहज मिळणाऱ्या दर्जाचे पत्ते चालतात. कॉमन म्हटले तरी एखाद-दुसरा महाग असतो. पण संपूर्ण डेक उभा करायला येणारा खर्च इतर प्रकारांच्या मानाने फारच थोडा असतो.

छापील प्रतिकृतींबद्दल, म्हणजे प्रॉक्सीबद्दल, करारात एक ओळ अवश्य असावी. महाग पत्ता घेण्यापूर्वी कागदावर नाव लिहून तो स्लीव्हमध्ये सरकवायचा आणि महिनाभर खेळून पाहायचे, यात गैर काही नाही आणि अनेकदा तो पत्ता आपल्याला नकोच होता हे कळते. अधिकृत स्पर्धेत असे कागद चालत नाहीत आणि खऱ्या म्हणून ते विकणे ही सरळ फसवणूक आहे. आम्ही प्रत्येक डेकमध्ये पाच प्रॉक्सींना परवानगी देतो, अट एवढीच, की ती दिसताक्षणी प्रॉक्सी आहे हे कळले पाहिजे.

क्यूब आणि भिशी

सगळ्या उपायांत मला सर्वांत जास्त पटलेला उपाय क्यूबचा आहे. आपणच निवडलेल्या पत्त्यांचा एक सामायिक संच तयार करायचा आणि प्रत्येक बैठकीत त्याच पत्त्यांची १५-१५ ची पाकिटे लावून ड्राफ्ट खेळायचा. खेळ संपला की पत्ते परत डब्यात. प्रत्येकाला तीन पाकिटे, म्हणजे ४५ पत्ते लागतात, म्हणून आठ जणांसाठी ३६०, सहा जणांसाठी २७० आणि चौघांसाठी १८० पत्ते पुरतात. यात कोणाचा डेक कोणापेक्षा महाग नसतो, कारण सगळे एकाच डब्यातून उचलतात.

पैसे भिशीने उभे केले. सहा जणांनी दरमहा २५० रुपये, चार महिने. ६,००० रुपये जमले. २७० कॉमन पत्ते सरासरी १५ रुपयांप्रमाणे ४,०५० रुपयांचे, शंभरच्या स्लीव्हची चार पाकिटे १,६०० रुपयांची आणि उरलेले ३५० टपालाला. मूळ जमिनी प्रत्येकाने घरातल्या ढिगातून आणल्या, त्यांना कोणी पैसे मागितले नाहीत. महिन्यातून दोनदा बसतो, म्हणजे पहिल्या वर्षात माणशी एका बैठकीला सुमारे ४२ रुपये पडले, आणि दुसऱ्या वर्षी तेवढेही नाहीत, कारण पत्ते तेच आहेत.

सोलापुरात अशा सामायिक मालमत्तेला एक ठरलेला धोका आहे: शिकलेला मुलगा आज ना उद्या पुण्याला जातो. म्हणून सोडून जाणाऱ्याने पत्ते मागायचे नाहीत, त्याला भरलेल्या रकमेपैकी निम्मी परत मिळेल आणि त्याच्या जागी येणारा ती भरेल, असे आम्ही आधीच लिहून ठेवले. आजवर दोघे गेले आणि दोन्ही वेळा पाच मिनिटांत व्यवहार मिटला. त्यांतला एक जण आता स्पेलटेबल या फुकट सुविधेवरून कॅमेऱ्यासमोर पत्ते मांडून आमच्याशी कमांडर खेळतो.

ऊन, स्लीव्ह आणि किरकोळ खर्च

स्लीव्ह घेताना माप पाहावे. मॅजिक, पोकेमॉन आणि वन पीस यांचे पत्ते ६३ × ८८ मिलिमीटरचे असतात, यू-गी-ओचे ५९ × ८६. मोठ्या स्लीव्हमध्ये लहान पत्ता खुळखुळतो. एका डेकच्या सगळ्या स्लीव्ह एकाच रंगाच्या, एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात आणि दहा-बारा जास्त ठेवाव्यात, कारण एखादी फाटली की तेवढा एकच पत्ता नव्या स्लीव्हमुळे ओळखू येतो. झेरॉक्सच्या दुकानात पत्ते लॅमिनेट करून आणण्याची कल्पना प्रत्येक नव्या मंडळीत कोणाला तरी सुचते. तसे कृपया करू नये: पत्ते पिसता येत नाहीत आणि किंमत त्याच क्षणी शून्य होते.

एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलेल्या डेकच्या स्लीव्ह एकमेकींना चिकटलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि तो डेक माझाच होता. चमकत्या फॉइल पत्त्यांचे आणखी एक दुखणे आहे. फॉइलचा थर हवेतला ओलावा घेत नाही, मागचा कागद घेतो आणि सोडतो. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात कागद आकसतो आणि पत्ता धनुष्यासारखा वाकतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात हा सल्ला कोकण-मुंबईच्या दमट हवेसाठी ठीक आहे, पावसाळ्यात इथेही चालेल; उन्हाळ्यात मात्र आधीच कोरडा पडलेला कागद त्याने आणखी कोरडा होतो. फॉइल आणि साधी अशा दोन्ही आवृत्त्या मिळत असतील तर साधी घ्यावी. बहुधा स्वस्तही पडते.

आयात केलेल्या प्लेमॅटवर हजार-दीड हजार घालण्याची मला कधी गरज वाटली नाही. टेबलावर सोलापुरी चादर दुहेरी घडी करून अंथरली की पत्ता सहज उचलता येतो, स्लीव्ह घासत नाहीत आणि चहा सांडला तर चादर धुता येते. डेक ठेवायला मिठाईचा घट्ट झाकणाचा डबा चालतो. पहिल्या रविवारी आमच्या आईने मात्र चादरीवर पसरलेले पत्ते पाहून दाराशी दोन चकरा मारल्या. पैसे लावत नाहीत ना, याची खात्री झाल्यावर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आत आली.

पुण्याची फेरी

स्पर्धेचा अनुभव घ्यायचा असेल तर सुमारे अडीचशे किलोमीटरवरचे पुणे गाठावे लागते. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी त्याच नावाच्या गाडीने परतता येते, पण स्पर्धेच्या फेऱ्या लांबल्या तर परतीची गाडी चुकते आणि मुक्कामाचा खर्च वाढतो. प्रवास, जेवण, रिक्षा आणि प्रवेश फी मिळून जी रक्कम होईल ती पत्त्यांच्या खर्चातच धरावी. जाण्यापूर्वी त्या स्पर्धेचा प्रकार विचारून घ्यावा, कारण घरच्या करारातला डेक तिथे चालेलच असे नाही. ड्राफ्टची स्पर्धा असेल तर डेक न्यावाच लागत नाही. मी आता त्याच वेळी जातो.

वही आणि विक्री

महिन्याला एक रक्कम ठरवावी आणि ती संपली की थांबावे, हे सगळेच सांगतात. मी त्यात एवढीच भर घालीन, की वहीत तीन रकाने असावेत: तारीख, रक्कम आणि ‘सहा महिन्यांनी वापरात आहे का’. तिसरा रकाना अर्थातच नंतर भरायचा असतो. तो भरताना जी लाज वाटते, तिने माझे जितके पैसे वाचवले तितके कोणत्याही निश्चयाने वाचवले नाहीत.

पत्ते ही गुंतवणूक आहे असे समजून खर्च करू नये. एका पिकाचू पत्त्याचे ५२ लाख ७५ हजार डॉलर मिळाल्याची बातमी खरी आहे, पण तो पत्ता जपानमधल्या चित्रस्पर्धांच्या विजेत्यांना मूठभर संख्येने दिलेला होता. आपल्या पाकिटातला पत्ता लाखोंनी छापलेला असतो. विकायला गेलो की दुकानदार बाजारभावापेक्षा बराच कमी देतो, कारण त्यालाही तो विकून नफा मिळवायचा असतो. खेळाडूला थेट विकले तर जास्त मिळतात, मात्र फोटो, घासाघीस आणि टपाल यांत वेळ जातो. म्हणून दोनशे रुपयांच्या वरचे पत्ते एकेक विकावेत आणि उरलेल्या कॉमनच्या ढिगाचा भाव काढत बसू नये. माझ्या त्या ३९२ पैकी विकण्यासारखे नव्हते ते सगळे मी आमच्या मंडळीतल्या विद्यार्थ्याच्या वसतिगृहात देऊन टाकले. तिथल्या चौघांनी त्यांतून दोन डेक बांधले आहेत आणि पुढच्या रविवारी ते हे डेक घेऊन आमच्याकडे येणार आहेत.